रिकामदादांची दुपारची झोप

आमच्या कचेरीत त्यांना सगळे रिकामदादा म्हणत. खोली रिकामी ठेवणं हेच त्यांचं काम. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण मागच्या काळात जायची आमच्याकडे एवढी एकच रीत आहे आणि ती सगळी या कामावर उभी आहे. माणूस त्या खोलीतून निघतो आणि त्याच खोलीत, मागच्या एखाद्या दिवशी पोचतो. त्या क्षणी तिथे दुसरं कुणी असलं तर दोघांचा लगदा होतो. म्हणून चोवीस तास, पाळीपाळीने, कुणीतरी दाराबाहेर बसायचं, आत कुणाला सोडायचं नाही आणि दर अर्ध्या तासाने वहीत ‘रिकामी’ असं लिहायचं. फेरीची तारीख-वेळ या वहीवरूनच ठरते. आत पावलं वाजली तरी डोकावायचं नाही.

पोचलेल्याला वीस मिनिटं मिळतात. खोलीबाहेर पाऊल टाकता येत नाही. खिडकीतून बघायचं आणि परतायचं. बाहेरून काच काळी दिसते. समोर, रस्त्यापलीकडे, एक बाक आहे. लोकांनी त्याचा उपयोग बरोबर हेरला. म्हातारी, आजारी माणसं चांगले कपडे घालून त्या बाकावर बसून जातात आणि तारीख-वेळ घरी लिहून ठेवतात, म्हणजे आपल्या पश्चात कुणाला बघावंसं वाटलं तर बघता यावं. एक आजोबा वीस मिनिटं नुसते डोळे वटारून बसले होते. बघायला सूनच येणार, अशी त्यांची खात्री होती.

दादांनी हे काम एकोणतीस वर्षं केलं. माणूस काटेकोर, वहीतलं अक्षर छापल्यासारखं. खोड एकच. खोली गार असायची, म्हणून जेवण झालं की एक ते दीड या वेळात दादा आत जाऊन खिडकीखाली चादर अंथरत आणि ताणून देत. वहीत मात्र ‘रिकामी’. अकरा वर्षं हे चाललं. मला माहीत होतं. मी एकदा बोललोही, तर म्हणाले, “अजून कुणी आलंय का अंगावर?” पुढे मीही विषय सोडून दिला. तेव्हा माझंही जेवण चालू असायचं.

मग वहिनी आजारी पडल्या. दवाखान्यात एका संध्याकाळी त्यांनी दादांना सांगितलं, “गेल्या मंगळवारी मी बाकावर बसून आले. दुपारी एक वाजता. त्या वेळी गर्दी नसते. आधी सांगितलं असतं तर तुम्ही घराबाहेर पडू दिलं नसतं. निवृत्त झालात की एक फेरी मिळते ना? या बघायला.”

दादा हो म्हणाले. त्या मंगळवारी एक वाजता आपण कुठे होतो, हे सांगायचा त्यांना धीर झाला नाही. महिन्याभरात वहिनी गेल्या. त्या दिवसापासून दादांनी दुपारची झोप सोडली.

नऊ वर्षांनी ते निवृत्त झाले आणि फेरीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले. अर्जावर तोच मंगळवार, तीच वेळ.

“दादा, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“वहीत रिकामी आहे.”

“वहीत आहे हो. तिथे तुम्ही घोरत होतात!”

“तिने तेवढा एकच दिवस दिलाय रे मला.”

शिक्का माझ्या हातात होता. मी तो मारला नाही, बाजूलाही ठेवला नाही. दादांनी अर्ज उचलून घेतला. मग ते कचेरीच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या खोलीकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. थोडा आधार म्हणून, आणि थोडं माझं नाव निघतंय का ते बघायला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “अकरा वर्षं? आजवर वाचलात ते नशिबाने. यापुढे कुणी मरणार नाही ते तुम्ही आज बोललात म्हणून.” त्यांनी जुन्या वह्या मागवल्या आणि लाल पेन्सिलीने रोजचा तो अर्धा तास खोडायला सुरुवात केली. त्या वर्षांत एक वाजता बाकावर बसून गेलेली माणसं आता कुणालाच दिसणार नव्हती. घरोघरी तशी पत्रं धाडायचं काम माझ्याकडे आलं.

दादा त्या रेघांकडे बघत होते. “हे माझ्या लक्षातच आलं नाही,” ते म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडले. मला त्यांचा राग आला होता. त्याहून जास्त स्वतःचा आला.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “उठून बाहेर किती वाजता यायचात?”

“दीडच्या आत.”

“मग दीडची वेळ देते. पण तोवर बाकावरून त्या उठलेल्या असतील.”

“उठली असेल,” दादा म्हणाले, “पण तेव्हा तिला दहा पावलं टाकली की थांबावं लागायचं.”

दुसऱ्या दिवशी ते गेले आणि वीस मिनिटांनी परत आले. मी दारातच उभा होतो.

“दिसल्या?”

“पाठ दिसली. कोपऱ्यापर्यंत जायला तिला अकरा मिनिटं लागली.” त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “बरोबर असलो की मी जन्मभर तिच्या मागे लागायचो, चल लवकर, चल लवकर. आज म्हणत होतो, सावकाश जा गं.”