आठातली सात

आठ जीबीच्या लॅपटॉपकडून सोळा जीबीचं काम करून घ्यायचा हट्ट धरणारा माणूस अख्ख्या दारव्हा तालुक्यात एकच होता, आणि तो नेमका माझा मामेभाऊ निघाला. बोरी अरबच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, राहायला तो आमच्याकडे होता आणि लॅपटॉप माझा होता. बारावीत दोनदा गचकलेला हा गडी ठोकळे रचून गावं वसवायचा एक खेळ खेळायचा. नुसता खेळ नाही. जगभरच्या पोरांनी त्यात फुकट घातलेली भर, जिला मोड म्हणतात, ती त्यानं अडीचशेच्या वर चढवली होती. नवी झाडं, नवी जनावरं, नुसत्या ढगांसाठी तीन मोड. एवढा पसारा उघडायला पाऊण तास लागे. म्हणून तो उठल्या उठल्या, दात घासायच्याही आधी खेळ सुरू करी, आंघोळ, चहा, बैलांचं चारापाणी उरकून येई, तरी खेळ किती उघडला ते दाखवणारी पट्टी अर्ध्यावरच असे. लॅपटॉप तापू नये म्हणून तो उपड्या परातीवर ठेवलेला, शेजारी टेबलफॅन. त्या परातीपायी आई कणीक पातेल्यात मळायची. खेळ मधेच बंद पडला की काय चुकलं ते सांगणारी लांबलचक इंग्रजी फाइल तो वर्तमानपत्रासारखी वाचायचा. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि त्यातलं मला ओ की ठो कळत नसे. हे मला लागायचं, खोटं कशाला बोलू.

खेळाला किती मेमरी द्यायची, हे आकडा टाकून ठरवता येतं. त्यानं आठातली सात देऊन टाकली. बाकीच्या लॅपटॉपनं काय करायचं, असं विचारलं तर शांतपणे म्हणाला, "ताई, पाहुणा आला का आपण पयले त्याले वाढतो. घरचे उरलंसुरलं खाते. तसंच आहे हे."

त्याच सुमारास नागपूरच्या एका कंपनीनं मला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. नोकरी हातात येण्यासारखी होती. आदल्या दिवशी मी त्याला दोनदा बजावलं, उद्या खेळ लावू नको. त्यानं मान डोलावली, आणि सकाळी खेळ लावून, त्याची खिडकी पडद्याच्या तळाशी दिसेनाशी सारून दुकानात निघून गेला. तिसऱ्या प्रश्नाला माझा चेहरा उघड्या तोंडानिशी गोठला. समोरच्या मॅडम दोनदा म्हणाल्या, आवाज येत नाही. मग त्याही गेल्या. परत बोलावणं आलं नाही.

दुपारी मी त्याचा खेळ मुळासकट पुसून टाकला. संध्याकाळी आल्या आल्या त्यानं मुलाखतीचं विचारलं. मी सांगितलं आणि काहून लावला म्हणून विचारलं. "सवयीनं हात गेला," तो म्हणाला. "मंग, जेवत्या पाहुण्याले पानावरून उठवते काय कोणी?" मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्यानं कचरापेटीसुद्धा उघडून पाहिली, तीही रिकामी होती.

"दोन वर्षं होते माये त्यात, ताई."

"माये पंधरा होते. पयली ते बी.ए."

पुढच्याच आठवड्यात त्यानं दुकान नेरला हलवलं आणि राहायलाही तिकडेच गेला. मी आता मारेगावला एका शाळेच्या ऑफिसात आहे, तात्पुरती. लॅपटॉप झटक्यात उघडतो. परवा नेरला गेले तेव्हा त्याच्या दुकानात टेकले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, काय बांधलं होतं रे तू त्यात? कोणाच्या तरी मोबाइलचे स्क्रू काढता काढता, मान वर न करता तो म्हणाला, "तलाव होता एक. काठानं घरं होते."

कोणाकोणाची, हे विचारायला मला तोंड नव्हतं.