पात्रांव आणि लाल गोलातला मी

आमच्या घरमालकिणीला चहाडी चालायची नाही. म्हणजे ऐकायला तिला मनापासून आवडायचं, पण ज्याची चहाडी करायची तो समोर बसलेला लागायचा. डिचोलीत तिच्या घरामागे भाड्याच्या खोल्या होत्या आणि त्यात आम्ही कोल्हापूर-बेळगावकडची पोरं राहायचो, औद्योगिक वसाहतीत कामाला. गोव्यात मालकाला पात्रांव म्हणतात. ती बाई असली तरी आमच्यासाठी पात्रांवच, अर्थात तिच्या पाठीमागे. समोर मावशी.

तिचं माहेर मोरजीचं, त्यामुळे बोलणं मालवणी वळणाचं. न्हाणीतलं पाणी कुणी संपवलं, दोरीवरची चड्डी कुणी चिखलात पाडली, कसलीही तक्रार नेली की ती दोघांनाही घरापुढच्या सोप्यावर, समोरासमोरच्या दगडी बाकांवर बसवायची. चहा आणि उंडे, म्हणजे इकडचे गोल कडक पाव, यायचे. मग म्हणायची, "हां, आता ह्याच्या तोंडार सांग." निम्मी भांडणं उंडा चहात बुडवतानाच मिटायची, कारण वाफाळत्या चहापुढे चड्डीचा विषय काढायला लाज वाटते.

यंत्रांनाही तिच्याकडे सूट नव्हती. आमच्या कारखान्यात चेहरा बघून हजेरी घेणारं मशीन आलं. माझ्या खोलीतल्या बसूने हौसेने मिशी काढली आणि मशीनने त्याला ओळख द्यायचं सोडलं. दिवसभर राबून गडी गैरहजर. तो तोंड पाडून बसलेला बघून पात्रांवने विचारलं, "मशीन काय म्हणाला ता कळला. तू काय म्हणालस?" बसू काहीच म्हणाला नव्हता. तिने दुसऱ्या दिवशी त्याला साहेबाकडे पिटाळलं, शेजारी काम करणाऱ्या दोघांना साक्षीला घेऊन. हजेरी मिळाली. मिशी मात्र त्याने घाबरून परत वाढवली.

मग माझी पाळी आली. बाजारातल्या फार्मसीच्या काउंटरवरून कुणा गिऱ्हाइकाचा मोबाइल गेला आणि दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्र गावाच्या ग्रुपवर फिरायला लागलं. चित्रात मी डोकेदुखीची गोळी घेत उभा, आणि माझ्या तोंडाभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं, भायलो आसा, सांबाळून रावात. बाहेरचा आहे, जपून राहा. सकाळी स्टँडवर दोघा पोरांनी माझं तोंड मोबाइलशी ताडून पाहिलं. एकाने कॉलर धरली. तेवढ्यात बस आली म्हणून मार वाचला. कारखान्याच्या फाटकावर सुपरवायझरने सांगितलं, हे मिटेपर्यंत येऊ नकोस. च्यायला, माझ्या बापाला हे कळलं असतं तर त्याने जीव दिला असता. खोलीवर येऊन मी रडलो, आणि पिशवी भरायला घेतली.

दारात पात्रांव उभी. "पळालस तर फोटो खरो ठरतलो," म्हणाली. माझी पिशवी उचलून तिने स्वतःच्या घरात नेऊन ठेवली आणि फार्मसीवाल्या दत्तूला चहाचा निरोप धाडला.

दत्तू आला, त्याच्यामागे ग्रुपवरची आणखी मंडळी, त्यात तो कॉलरवालाही. मी समोरच्या बाकावर.

"दत्तू, ह्येका मोबाइल उचलताना तू बघलस?"

"नाही काकी, पण कॅमेऱ्यात..."

कॅमेऱ्यात मी उचलताना दिसतो का, हे तिने विचारलं. तसं दिसत नव्हतं. मोबाइल तिथे असतानाच मी सुट्टे पैसे घेऊन निघालो होतो की तो नाहीसा झाल्यावर, हेही कुणी पाहिलं नव्हतं. गोल काढला होता दत्तूच्या पुतण्याने, त्याला कुणीतरी सांगितलं म्हणून. ते कुणीतरी काही सोप्यावर आलं नाही. मग पात्रांव माझ्याकडे वळली आणि म्हणाली, आता तू बोल. तोवर मला एकानेही काही विचारलेलं नव्हतं. मी गोळी घेतली, पैसे दिले, निघालो, एवढंच होतं, तेवढंच सांगितलं.

दत्तू माणूस वाईट नव्हता. त्याने तिथेच ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून माफी टाकली. पहिल्यांदा तो पुटपुटला, म्हणून पात्रांवने पुन्हा बोलायला लावलं. कॉलरवाल्याने उंडे खाल्ले आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच आठवड्यात मी कामावर रुजू झालो. मोबाइल काही सापडला नाही.

पुढे मला गडहिंग्लजला नोकरी लागली. निघताना तिने कोकमाची सोलं बांधून दिली. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "मावशी, सगळं गाव एकीकडे होतं, तुम्ही एकट्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलात."

ती हसत सुटली. "विश्वास? माझो खय होतो! त्या दिसा कपाटाक कुलूप लावलंय, चावी कमरेक."

"म्हणजे तुम्हीपण मला चोरच समजत होता?" मी विचारलं.

"मगे? माका वाटला म्हणान तू चोर झालस? इचारूक नको?"

बस साखळी गावात पोचेपर्यंत मला तिचा राग येत होता. चोर्ल्याचा घाट चढताना हसू फुटलं, आणि मग डोळेच भरून आले. विश्वास टाकणारी माणसं मला पुढेही भेटली. चोर समजूनही समोर बसवून विचारणारी ती एकटीच.