‘इथे थांबणारे’

नगररचना कार्यालयात देवाजी गजभियेंचं काम एकच: चौकात उभं राहून सायकली आणि पायी जाणारे मोजायचे. लोक हसायचे. हसोत! मोटारींसाठी रस्ते आखणारे साहेब पुष्कळ होते, सायकलवाल्यांची फिकीर करणारे देवाजी एकटेच.

१९७४ साली धरमपेठेतल्या एका चौकात त्यांनी आठ दिवस मोजणी केली. "काहून गा देवाजी, उन्हात उभा हायेस?" म्हणत ओळखीचा प्रत्येक जण सायकलवरून उतरायचा. घरचं विचारणं व्हायचं, पान व्हायचं. आणि देवाजी इमानदारीनं प्रत्येकाची एकेक रेघ ‘इथे थांबणारे’ या रकान्यात ओढायचे.

अहवाल वाचून साहेब चकित झाले. एवढे लोक इथे थांबतात! वर्षभरात तिथे टिनाचं शेड घातलेला झकास सायकल स्टँड उभा राहिला. देवाजी रोज ऑफिसला जाता-येता तिथेच टेकायचे आणि ओळखीचे लोक सायकली लावून गप्पांना थांबायचे, म्हणून तो कायम भरलेला.

१९८३ साली ते निवृत्त झाले. महिन्याभरानं बाजाराला निघाले, तर स्टँडमध्ये फक्त एक बकरी बसलेली. ते तोंड पाडून घरी आले.

"माहा सर्वे चुकला वं," ते बायकोला म्हणाले. "लोकं त्या जागेसाठी नाही, माह्यासाठी थांबत होते."

भीमाबाईंनी हसू दाबलं आणि त्यांची टोपी त्यांच्या हातात दिली.

"मंग घरी काहून बसून राहिले? जा, सर्वे खरा करून या."