सुरतेच्या गच्चीवर वाळवलेली हिमालयाची वाळू

नंदुरबार मागे पडलं, नवापूर गेलं आणि उधना स्टेशनावर उतरले तेव्हा दुपार झाली होती. माझी भाची रेखा हिमालयातून आली होती, दोनच दिवस घरी थांबणार होती. तिला पाहायचं म्हणून निघाले, नाहीतर हे गुडघे घेऊन या वयात सुरत कोण करतं?

रिक्षावाल्याने गुजरातीत विचारलं, "क्यां जवुं छे, मासी?" लिंबायत म्हटलं, तर वळून म्हणाला, "कोनता गावनी शे तू, माय?" (कोणत्या गावची तू, बाई?) शिरपूरकडचा निघाला. गप्पांच्या नादात आमची गल्ली मागे राहिली, मग पुन्हा वळसा.

भाऊ सुदाम पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये आहे. बोटांचा निळा रंग आता सुट्टीतही जात नाही. वहिनीने लोचो (वाफवलेल्या डाळीचा मऊ लगदा, वरून तेल नि शेव) पुढे ठेवला. रेखा उन्हाने पार करपली होती. पलंगाखाली तिच्या तीन लोखंडी नळ्या होत्या, तोंडांना काळी टेप.

"हे गं काय?"

सुदाम म्हणाला, "लोक गंगाजल आणतात, आमच्या बाईसाहेबांनी वाळू आणली. तीन वर्षं शिकून."

सगळे हसलो. तीही हसली. "सांगते ना फुई," म्हणाली. फुई म्हणजे आत्या. पण सांगू कुणी दिलं? वहिनीने नंदुरबारच्या स्थळाचा विषय काढला, मीही त्यातच शिरले. सापडेल तो कागद वाचणारी बाई मी, पण घरच्या पोरीला एक प्रश्न धड विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मैत्रिणीकडे वराछ्याला गेली. मी केर काढायला वाकले तर एका नळीची टेप ओलसर लागली, कुबट वासही आला. आमच्याकडे ओल धरलेली वस्तू उन्हात टाकल्याशिवाय बाईला चैन पडत नाही. डाळ, गोधडी, लोणच्याची बरणी, सगळ्याला ऊन दाखवायचं.

वहिनी म्हणाली, "ती हात लावू नका म्हणून गेलीय."

"म्हणजे सांडू नका," मी म्हटलं. "बुरशी धरली तर पोरीची मेहनत जाईल."

सुरीने टेप कापली आणि गच्चीवर जुनं लुगडं अंथरून दोन नळ्या रिकाम्या केल्या. दोन ढीग वेगळे ठेवले, नळ्यांवरच्या चिठ्ठ्याही ज्याच्या त्याच्यापाशी. तिसरीची टेप सुटेना, तिला तशीच सोडली.

रेखा बाराच्या सुमाराला आली, गच्चीवर चढली.

"हाई काय करं, फुई?" (हे काय केलंस?) आवाज अगदी बारीक.

"ओली होती, बाई. मिसळू दिली नाही हो."

ती लुगड्याजवळ बसली आणि आम्ही जे सांगू दिलं नव्हतं ते तिने तेव्हा सांगितलं. फार पूर्वी त्या खोऱ्यात बर्फ खूप खालपर्यंत होता. तो मागे सरकताना वाळू टाकत गेला. ती वाळू गाडली गेली, आणि अंधारात तिचे कण थोडं थोडं काहीतरी साठवत राहिले. ते मोजलं की बर्फ तिथून कधी हटला ते कळतं. ऊन लागलं की साठलेलं सगळं जातं.

"किती वेळात?"

"दोन-चार मिनिटांत."

मी नऊ वाजता वाळत घातली होती.

"परत आण ना तिथून."

"वाट बंद झाली. आणि वाळू काढली ती एक कड तर नदीने नेली, माझ्यासमोर."

"तिसरी आहे ना गं?"

"तिच्यावरून एका जागेचं वय कळेल. बर्फ किती वेगानं मागे गेला ते नाही कळणार. मला तेच शोधायचं होतं, फुई."

सुदाम कामावरून आला, ऐकलं, आणि निळे हात धूत राहिला. वहिनी माझ्याकडे बघेना.

गाडीवर सोडायला रेखाच आली. खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "तू चांगल्या मनानं केलंस." तिने चार शब्द सुनावले असते तर नवापूरपर्यंत मी भांडले असते मनात. या वाक्याशी भांडायला जागाच नव्हती.

परवा सुदामचा फोन आला. रेखाने आपला अहवाल दिला. त्यात खोऱ्याचा नकाशा आहे, त्यावर तीन जागा. एकीपुढे आकडा, उरलेल्या दोन्हींपुढे "नमुना खराब झाला" एवढंच. कुणी खराब केला, ते तिने लिहिलं नाही.

म्हणून मी लिहिलं.