कोरड्या पायांची भागामाय

भागामाय आलेल्या माणसाचं तोंड शेवटी पाहायची. आधी पाहायची पाय. मी लग्न होऊन रोहण्याला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला शेजारी तिच्या पाया पडायला पाठवलं. नवी नवरी, हातभर हिरवा चुडा, डोक्यावरून पदर. मला वाटलं, आता ही हनुवटी उचलून माझं तोंड बघेल, नाकाडोळ्यांचं काहीतरी बोलेल. पण ती वाकली ती माझ्या पावलांवर. बोटांच्या बेचक्यांत निरखून पाहिलं आणि विचारलं, "कोण्या रस्त्यानं आली वं? नाल्याकडून का देवळाकडून?"

"अंगणातून," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय. बस."

मी पुलगावची. गिरणीच्या भोंग्यावर उठणारी-झोपणारी, चार बुकं शिकलेली. आणि या बाईनं माझी पारख करावी ती पावलांवरून! मला असा राग आला की तिनं दिलेला गूळ मी तसाच पदराला बांधून घरी आणला.

भागामाय पानमळे करणाऱ्या बारी समाजाची. तिच्या घरामागे, स्वयंपाकघराच्या दारापासूनच, तिचा पानमळा सुरू व्हायचा. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांना सांगायला हवं, तो शेतासारखा उघडा नसतो. चहूबाजूंनी तुराट्यांचा आणि गवताचा कुड, आत शेवरीच्या झाडांच्या दाट रांगा, आणि प्रत्येक शेवरीवर चढलेली पानवेल. भर उन्हाळ्यात आत गेलं तरी अंगावर गारवा यायचा. नवरा गेल्यावर मूलबाळ नसलेल्या या बाईनं तो मळा एकटीच्या हिमतीवर ठेवला होता. पानं खुडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि आर्वीच्या बाजाराला धाडायची. वेलींशी ती बोलायची, त्यांना शिव्याही द्यायची. माणसांशी मात्र मोजकं.

तिच्या बोलण्यात एक अडचण होती आणि त्या अडचणीचं नाव किसनाजी. किसनाजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, तिचे भासरे. गावातल्या पानमळेवाल्यांत त्यांचा शब्द शेवटचा. आमच्याकडे बाई भासऱ्याशी थेट बोलत नाही. पदर पुढं ओढायचा आणि तिसऱ्याकडून सांगायचं. मी शेजारची, वेगळ्या जातीची, म्हणून मला आडकाठी नव्हती. त्यामुळं मी येण्याआधी जे काम तिची शेळी करायची, ते माझ्याकडे आलं. हो, शेळीच. किसनाजी ओट्यावर आले की भागामाय शेळीला म्हणायची, "सांग वं त्याहिले, च्या ठेवला हाय." शेळी काही सांगायची नाही, पण किसनाजी ऐकायचे. मी आल्यावर ते माझ्याकडे बघून थांबू लागले. दोघं हाताच्या अंतरावर, सगळं ऐकू येतंय, तरी मी पुन्हा बोलल्याशिवाय बोलणं पोचलं असं धरायचं नाही. सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. पुढं मात्र त्या कामाचा थोडा तोराच चढला.

मळ्याच्या दाराशी दगडाची एक डोणी होती. पानवेल ही नागवेल, ती नागदेवाची. तिच्याकडे जाताना वहाणा बाहेर, आणि डोणीतल्या पाण्यात पाय धुऊन मगच आत, अशी पूर्वापार रीत. मळेवाले पाण्याला जपणारे. ते पाणी वाया जाऊ नये म्हणून डोणीला खाली भोक होतं आणि तिथून पाणी सरळ वेलींच्या पाटात जायचं. गावातल्या सगळ्या मळ्यांना अशीच डोणी आणि असंच भोक. नागपंचमीला सगळे मळेवाले एकमेकांच्या मळ्यांत फिरायचे, प्रत्येक दाराशी पाय धुवायचे आणि पहिल्या वेलीच्या बुडाशी दूध घालायचे.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या पावसाळ्यात आषाढ नुसता गळत होता. एका सकाळी भागामाय मळ्यातून आली ती हातात एक पान घेऊन. पानावर तेलाचा थेंब पडावा तसा काळपट डाग. "वास घे," म्हणाली. मी घेतला आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून मळ्यात मर सुरू झाली. आज डाग, उद्या देठ मऊ, परवा बुडाशी वेल कुजून काळी, आणि वर अख्खी वेल मान टाकून लोंबलेली. रोग खालच्या मळ्यांतून आला होता. किसनाजींचा मळा तर अर्धा बसला होता.

तशातच किसनाजी ओट्यावर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळ्यांची सोय आपणच लावायची असते असं वाटायचं. मला म्हणाले, "सांग तिले, पोरी. औंदा मळा गेला तर मोडून टाकू. तेथं कपाशीची पराटी लावतो मी. अन् तिनं आपलं आमच्या घरी यावं. दोन वेळची भाकर काई जड नाई होत आमाले."

पदराआडून आवाज आला, "सांग त्याहिले. भाकर जड नाई होत, मागून खाल्लेली गळ्याखाली जड जाते. मळा उभा हाय तोवर मी माह्या चुलीपाशी हाय."

मी सांगितलं. किसनाजी उठून गेले. ते गेल्यावर भागामाय माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. रडली ती अगदी थोडा वेळ, आणि मग नाक पुसून म्हणाली, "चाल, रडून का वेल उभी राह्यते?"

त्याच आठवड्यात आर्वीहून शेतकी खात्याचा एक तरुण माणूस सायकल ढकलत चिखलातून आला. बाकीच्या मळेवाल्यांनी त्याला ओट्यावरूनच चहा पाजून वाटेला लावलं, कारण तो मोरचूद आणि चुन्याचं पाणी वेलीवर मारा म्हणत होता. नागवेलीवर विष! भागामायनं मात्र त्याला बसवलं. आधी पाय पाहिले, धुवायला लावले, पुसायला लावले. त्यानं सांगितलं, ही एक बुरशी आहे, डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्यातून चालते. आजारी वेल मातीसकट काढून जाळा, आत वारा खेळू द्या, पाणी कमी द्या. आणि औषध मारण्याआधी विकायची पानं खुडून घ्या. नंतर बरेच दिवस एकही पान कुणाच्या तोंडी जाता कामा नये. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पाण्यातून चालते म्हंजे, कोणत्याबी पाण्यातून?"

"कोणत्याही," तो म्हणाला.

तो गेल्यावर ती डोणीपाशी जाऊन बसली. त्याच दिवशी खालच्या मळ्यातली दोन माणसं विचारपूस करायला येऊन गेली होती, रीतीप्रमाणे पाय धुऊन. डोणीच्या तळाशी काळी माती बसली होती. तिनं ती चिमटीत घेतली, भोकाकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं. पाटाच्या कडेच्याच वेली आधी मेल्या होत्या. मी विचारलं, "काय झालं वो माय?" तर म्हणाली, "आमी नागाच्या दारात पाय धुतले अन् ते धोवण त्यालेच पाजलं. अवं, पाणी चांगलं असते, पण त्याले समजत नाई का आपुन काय घेऊन चाल्लो."

तिथून पुढं ती बाई जी उठली ती उठलीच. डोणीचं भोक चुन्यानं बुजवलं. डोणी कोरडी केली, तिच्यात चुलीतली राख भरली आणि शेजारी गोणपाट ठेवलं: पाय पुसा, राखेत घासा, मग आत. आत जायचं तेही फक्त तिनं. आजारी वेली उपटून बाहेरच्या खड्ड्यात जाळल्या. पोसलेल्या वेली जाळताना ती एकेकीला शिव्या द्यायची, पण थांबायची नाही. "आजारी पान झाकून ठेवलं का साऱ्या घराले खाते," हे तिचं म्हणणं मी तेव्हा ऐकलं ते आजही माझ्या तोंडी आहे, पानाशी काही संबंध नसतानाही. वाऱ्याच्या बाजूचा कुड तिनं खालून हातभर कापून काढला, शेवरीच्या फांद्या विरळ केल्या. लोक म्हणाले, बाई येडी झाली, मळा उघडा पाडून राह्यली.

मग औषध. एका मडक्यात मोरचूद, दुसऱ्यात कळीचा चुना, आणि दोन्ही मिळून लाकडी पिपात. रंग असा निळा की मला त्यात लुगडं बुडवावंसं वाटलं. त्यात ती विळ्याचं पातं बुडवून बघायची; पात्यावर तांबूस पुट चढलं की आणखी चुना घालायची, नाहीतर वेल करपते, असं त्या शेतकीवाल्यानं सांगितलं होतं. कडुनिंबाच्या डहाळ्यांनी ते पाणी वेलीवेलीवर शिंपडत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची. पाऊस धुऊन टाकायचा. ती पुन्हा शिंपडायची. पानं विकायची नव्हती, त्यामुळं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, दोन्ही वेळा तेच. मी कधी वरण नेलं तर घ्यायची, पण वाटी रिकामी परत द्यायची नाही. काही नाही तर चिमूटभर ओवा घालायची.

आणि नागपंचमी आली.

सकाळीच भागामायनं मला बोलावून घेतलं. "आज तुह्यं काम हाय," म्हणाली. मळ्याच्या दाराला आडणा लावलेला. तिनं नऊवारीचा पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. सगळे मळेवाले आले, पुढं किसनाजी, हातात दुधाचा गडवा. पाय गुडघ्यापर्यंत खालच्या मळ्यांच्या चिखलानं भरलेले. डोणीत पाण्याऐवजी राख बघून ते थबकले.

"सांग तिले," ते मला म्हणाले, "बाजूले हो म्हणा. नागाची पूजा हाय."

"सांग त्याहिले, नाग माह्या देवघरात मांडला हाय. तेथं पुजा. मळ्यात आज कोणाचा पाय नाई जात."

मी सांगितलं. मागून कुणी तरी ओरडलं, मग निदान नागाला वाहायला एक पान तरी दे, रीत आहे. तिनं मान हलवली. "सांग. औषध मारलेलं पान देवालेबी नाई देत मी."

किसनाजींचा चेहरा काळा पडला. इतक्या लोकांसमोर भावजयीनं त्यांना दारातून परत फिरवलं होतं. "सांग तिले," ते म्हणाले, "म्या आज हा उंबरठा नाई ओलांडला तर पुन्हा कधीच नाई ओलांडत."

दोघांनीही सगळं ऐकलेलं होतं, तरी दोघंही माझ्यासाठी थांबले होते. शेवटी मी कसंबसं सांगितलं. तिनं पदर आणखी पुढं ओढला. मग ती हळूच म्हणाली, "सांग, जशी त्याहिची मर्जी. पण दार नाई उघडत."

किसनाजींनी दूध तिथंच उंबऱ्याबाहेर ओतलं आणि ते निघून गेले. पोळ्यापर्यंत गावात तिच्याशी माझ्याशिवाय कुणी बोललं नाही. शेळी होतीच.

पावसाळा सरला तेव्हा खालच्या मळ्यांत काळ्या काड्या उरल्या होत्या. भागामायचा पाटाकडचा भाग गेला. बाकीचा मळा उभा होता, हिरवागार. तिनं फुशारकी मारली नाही. पहिली खुडणी झाली त्या दिवशी फक्त चूल पेटवताना मला म्हणाली, "पाह्य, माह्यीच चूल हाय."

उन्हाळ्याच्या तोंडाशी किसनाजी तिच्या ओट्यावर आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "सांग तिले, बेणं पाह्यजे होतं. नवीन लागवडीले." भागामायनं निरोगी वेलींची कांडी स्वतः कापून, ओल्या फडक्यात बांधून दिली. "सांग त्याहिले, डोणीचं भोक बुजवजा." त्यांनी बुजवलं. गावातल्या सगळ्यांनीच बुजवलं. दरसाल नागपंचमीला लोक देवघरातला नाग पुजू लागले. पण किसनाजी शब्दाचे पक्के. तिच्या ओट्यापर्यंत यायचे, मळ्याच्या उंबऱ्यापर्यंत कधी नाही. तिला ते लागायचं. बोलायची नाही, पण ते गेल्यावर त्या दाराकडे बघत बसायची.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात भागामाय तापानं गेली. दोन दिवसांचंच दुखणं. मी उशाशी होते. मला माझी आई गेल्यासारखं झालं, आणि हे सांगायला मला आता कसला संकोच वाटत नाही.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. मळ्याचा धनी गेला की उचलण्याआधी घरातल्या वडील माणसानं आत जाऊन वेलींना सांगायचं, नाहीतर वेली वाळतात. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. सगळे किसनाजींकडे बघत होते आणि ते अंगणात भिजत उभे होते. मग ते चालत मळ्याच्या दाराशी आले. उंबऱ्याजवळ खाली बसले. गोणपाट घेतलं आणि म्हाताऱ्या हातांनी पाय पुसायला लागले, एकेक बोट, एकेक बेचकी. डोणीतली राख घेऊन तळवे घासले. पुन्हा पुसले. कुणी घाई केली नाही.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखंच.

"पोरी," ते म्हणाले, "सांग तिले. पाय कोरडे केले म्हणा. आत चाल्लो मी."

ते उंबरठा ओलांडून आत गेले. मी घरात आले, तिच्या कानाशी वाकले आणि निरोप सांगितला.