मिलिंद काकांसाठी पिस्तूल

न्यूझीलंडच्या सैन्यात असताना माझं पोस्टिंग तिमोरला होतं. मेडिक म्हणून, सहा महिने. हुद्दा लान्स कॉर्पोरल, वय बावीस. मेडिकला जखमी माणसाजवळ दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून मला कमरेला पिस्तूल मिळालं होतं.

०५३० ला उठायचं. ०६०० ला आर्मरीच्या खिडकीत सही करून पिस्तूल घ्यायचं. वाळूने भरलेल्या पिंपासमोर उभं राहून ते रिकामं असल्याचं दाखवायचं. शेजारचा सैनिक आत डोकावून "क्लिअर" म्हणायचा. त्यानंतर मॅगझिन चढवायचं आणि दिवसभर पिस्तूल उजव्या कमरेला. १८३० ला हेच सगळं उलट्या क्रमाने. सहा महिन्यांत मी ते एकदाही कुणावर चालवलं नाही. पिस्तूल बाळगणं म्हणजे गोळ्या झाडणं असं सैन्याबाहेरच्या लोकांना वाटतं. माझ्या आठवणीत ते म्हणजे कमरेच्या हाडावरचा काळानिळा डाग, पट्ट्याखाली उठलेलं घामोळं, आणि सतत अंगाशी चिकटलेला उजवा कोपर.

आमचे सेक्शन कमांडर होते सार्जंट हेमी. बोलणं कमी. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या.

पहिली बाजारात. एक माणूस कोयता हातात घेऊन थेट माझ्याकडे धावत आला. त्याच्या मुलाचा पाय कापला होता, आणि माझ्या दंडावरचा लाल क्रॉस त्याने पाहिला होता. कोयता खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. मला हे समजलं तेव्हा माझा हात पिस्तुलाच्या मुठीवर होता. तो तिथे कधी गेला, मला माहीत नाही. मुलाला सात टाके घातले. परतीच्या वाटेवर सार्जंट म्हणाले, "डॉक, हात डोक्याच्या आधी पोचतो. त्याला काय शिकवतेस, ते बघून शिकव."

दुसरी गोष्ट तिमोरला जाण्याआधीची, ट्रेनिंगमधली. सराव संपला की "एंडेक्स" असा हुकूम मिळतो. ज्याने सराव सुरू केला, त्यानेच तो द्यायचा. तोपर्यंत कुणी हेल्मेट काढत नाही. एकदा एक तरुण अधिकारी एंडेक्स द्यायला विसरला आणि चहा प्यायला निघून गेला. आम्ही दोन तास पावसात खंदकात बसून राहिलो. नंतर आम्ही त्यावर खूप हसलो. सार्जंट हसले नाहीत. "सुरू केलंत, तर संपवा," एवढंच म्हणाले.

परत आल्यावर मला पाच दिवसांची रजा मिळाली. आई-बाबा ऑकलंडमध्ये अल्बनीला राहायचे, पण ते तेव्हा पुण्याला गेले होते. म्हणून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पापाटोएटोला, मिलिंद काकांकडे उतरले. काका म्हणजे बाबांचे ऑकलंडमधले पहिले फ्लॅटमेट. मेकॅनिकल इंजिनिअर. इथे त्या कामाची नोकरी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डेअरी घेतली, म्हणजे इथलं नाक्यावरचं छोटं दुकान. दूध, ब्रेड, पेपर, सिगारेट. वर दोन खोल्यांत काका, सुजाता काकू, बारा वर्षांची ईशा आणि काकांचे वडील. आजोबा साताऱ्याकडचे, भारतीय पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले.

सोमवारी सकाळी मी काउंटरच्या आत उभी राहून चहा पीत होते. काकांनी पेपरांच्या गठ्ठ्याखालून एक अमेरिकन मासिक काढलं. तीन पिस्तुलांभोवती पेनाने गोल केले होते. तिन्ही लहान, तिन्ही स्वस्तातली.

"अनू, तू वापरलंयस. यातलं रोज कमरेला लावायला कुठलं बरं?"

"काका, इथे असं बाळगता येत नाही. पिस्तूल फक्त क्लबात चालवायचं आणि घरी तिजोरीत ठेवायचं."

"कायदा मला पाठ आहे. मॉडेल सांग."

"मिळणार कुठून?"

"ते माझ्यावर सोड."

त्या हिवाळ्यात दुकान दोनदा लुटलं गेलं होतं. दुसऱ्या वेळी हातोड्याने काउंटरची काच फोडली, तेव्हा ईशा मागच्या खोलीत गृहपाठ करत होती. काका म्हणाले, "चोर चाळीस सेकंद थांबतो. तेवढ्यात माझ्या मदतीला कोण पोचणार? मी आणि माझी पोरगी, दोघंच ना?"

मला तेव्हाच स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं. पण मोठ्यांना नाही म्हणणं मला जमत नसे. तांत्रिक बोलणं जमायचं. मी मासिक हातात घेतलं. पहिलं तुमच्या हाताला मोठं आहे, म्हणाले. दुसरं इतकं लहान की घामेजल्या हातातून निसटेल. तिसरं स्वस्त आहे, पण स्वस्त का आहे ते शंभर गोळ्या झाडल्यावर कळेल.

"म्हणजे तिसरं," काका म्हणाले. "मी काय शंभर झाडणारे?"

आजोबा दुधाच्या क्रेटवर बसून पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "आधी आठवडाभर कमरेला लाकूड बांधून हिंडू दे त्याला. जमलं तर पिस्तूल."

ही कल्पना मला आवडली. सैन्यात असंच करतात. लाकडाऐवजी मी दुकानातली प्राइस गन घेतली, किमतीचे स्टिकर मारायची. वजन जुळावं म्हणून तिला टेपने ट्यूनाचा एक डबा बांधला. ती काकांच्या उजव्या कमरेला खोचली, वरून लोकरीची जर्सी. नियम सोपा होता. दाराची बेल वाजली की हात कमरेकडे न्यायचा. आत येणाऱ्याने बोट रोखलं तर गन काढायची. बोट रोखणारे आम्ही तिघं, आजोबा, ईशा आणि मी. गिऱ्हाइकावर काढायची नाही. उजव्या अंगठ्याने जर्सी वर, मग तोच हात मुठीवर. मी ही हालचाल त्यांच्याकडून पन्नास वेळा करून घेतली.

"स्टार्ट," मी म्हणाले. सोमवार, ०९१५.

पहिल्या दिवशी गन जर्सीत अडकली. दुसऱ्या दिवशी ट्यूनाचा डबा सुटून गडगडत चिप्सच्या रॅकखाली गेला. आजोबा दारातून बोट रोखायचे आणि निर्विकारपणे म्हणायचे, "मेलास." बुधवारी म्हणाले, "सकाळपासून चारदा मेलायस. आता दूध तरी फ्रीजमध्ये लाव." शेजारच्या सामोअन बाईंनी विचारलं, "डार्लिंग, पॅन्टमध्ये ट्यूना का ठेवलायस?" काका म्हणाले, "स्पेशल आहे. फक्त आजच." त्या आठवड्यात ते खूप हसले. काकू म्हणाल्या, पहिल्या चोरीनंतर पहिल्यांदाच.

मी वहीत नोंद ठेवली होती. शुक्रवारी दुपारपर्यंत तेरा प्रयत्न, अकरा वेळा मृत, दोनदा वेळेत.

चौदावा प्रयत्न शुक्रवारी १५४० ला. मी दारातून बोट रोखलं. त्याच क्षणी ईशा मागच्या खोलीतून सफरचंद खात बाहेर आली. तिच्या पावलांचा आवाज होताच काका वळले. या वेळी हात झटकन गेला, गन स्वच्छ बाहेर आली आणि ईशाच्या छातीवर रोखली गेली.

"डॅड, इट्स मी!"

काकांनी ट्रिगर दाबला होता. तिच्यासमोर फरशीवर एक स्टिकर पडला.

ते क्रेटवर बसले. मग त्यांनी मासिकाचे दोन तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. "नको," म्हणाले. "अनू, नकोच हे." आजोबांनी मान हलवली.

मला सुटल्यासारखं झालं. काही समजावून सांगावं लागलं नव्हतं. काकांनी प्राइस गनचा टेप सोडवला, मी काकूंनी दिलेला जेवणाचा डबा बॅगेत भरला आणि १७२० ची गाडी पकडून कॅम्पला गेले. एंडेक्स म्हणायचं मला सुचलं नाही. हा दुकानातला खेळ होता, असं मी धरून चालले होते.

दहा आठवड्यांनी, मंगळवारी ०८०५ ला, कॅम्पच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. काकू होत्या. त्या फक्त "ये" म्हणाल्या.

आजोबांना इंग्रजी कळत नव्हतं आणि काकू बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या, म्हणून पोलिसांसमोर दुभाषी मी. दुपारी एका लहान खोलीत डिटेक्टिव्हनी मला दुकानाच्या कॅमेऱ्याची टेप दाखवली. त्यांनी आधी विचारलं, बघू शकशील का. मी म्हणाले, मी मेडिक आहे.

वेळ ०७१२. काका पेपर लावतायत. दार उघडतं. डोळ्यांवर टोप्या ओढलेली दोन माणसं, एकाकडे नळी कापलेली शॉटगन. काका डाव्या हाताने गल्ला उघडतात आणि पुढे सरकवतात. कसलाही विरोध नाही. पण उजवा हात त्याच्या आधीच, बेल वाजताच, कमरेकडे निघालेला असतो. जर्सीची कड वर होते. शॉटगनवाला हे बघतो.

गोळी कुठे लागली ते मी लिहिणार नाही.

डिटेक्टिव्हनी टेप थांबवली. "त्यांच्याकडे हत्यार होतं का?"

"नाही."

"मग हात कशासाठी गेला?"

मी सांगितलं. सोमवार ०९१५ पासून शुक्रवार १५४० पर्यंत, सगळं क्रमाने. त्यांनी ते लिहून घेतलं. "हा काही गुन्हा नाही," ते म्हणाले. मला ते माहीत होतं.

ईशा बाहेर बाकावर बसली होती. ती त्या दिवशी मराठी बोलली, जी ती एरवी बोलत नसे. "बाबा रोज करायचे ते. बेल वाजली की. हीप्स ऑफ टाइम्स. आम्हाला फनी वाटायचं."

संध्याकाळी आजोबांना घेऊन मी गाडीत बसले. त्यांना टेपबद्दल सांगायचं काम माझंच होतं. मी सांगितलं. मग एंडेक्स म्हणजे काय तेही सांगितलं, आणि मी ते दिलं नाही हेही.

ते समोरच्या काचेकडे बघत होते. "आमच्यात 'लाइन तोड' म्हणायचे," ते म्हणाले. "म्हटल्याशिवाय कुणी हलायचं न्हाई." मग म्हणाले, "लाकडाचं मी बोललो व्हतो."

तुझी चूक नाही, असं ते म्हणाले नाहीत. मीही त्यांना म्हणाले नाही. आम्ही दोघेही सैन्यातले होतो.

अंत्यविधी शुक्रवारी, ११०० ला. हॉल भरला होता. सामोअन बाई चर्चचे कपडे घालून आल्या होत्या आणि काकूंचा हात धरून बसल्या होत्या. सार्जंट हेमी युनिफॉर्ममध्ये मागच्या रांगेत उभे होते. मी त्यांना कळवलं होतं, बोलावलं नव्हतं.

शवपेटी उघडी होती; इथे दहनही पेटीसकट होतं. काकांना निळी जर्सी घातली होती. दोन्ही हात पोटावर ठेवले होते. पेटी बंद करायच्या आधी आजोबा पुढे झाले आणि त्यांनी मला खुणेने बोलावलं.

"म्हण," ते म्हणाले. "तू सुरू केलंयस."

माझा आवाज लहान आहे. परेडवर त्यावरून मला नेहमी ओरडा बसायचा. त्या दिवशी पहिल्या रांगेपर्यंत तरी तो पोचला असावा.

"एंडेक्स."

आजोबांनी मुलाच्या उजव्या हातावर आपला तळवा ठेवला आणि मागे सरकले.

माझा करार संपल्यावर मी सैन्य सोडलं. आजोबा साताऱ्याला परत गेले. काकूंनी डेअरी विकली आणि ईशाला घेऊन फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात भावाकडे राहायला गेल्या. मी सैन्यात होते हे कळलं की दुकानदार मला अजून तोच प्रश्न विचारतात. रोज बाळगायला लहान आणि स्वस्तातलं कुठलं बरं? मी मॉडेल सांगत नाही. काकांबद्दल सांगते, जमेल तेवढं.

मिलिंद काका. वय शेहेचाळीस. इंजिनिअर, नंतर डेअरीचे मालक. सकाळी ०७१२ ला बेल वाजली तेव्हा ते आपल्या जागेवर होते. त्यांच्याजवळ हत्यार नव्हतं. मी शिकवलेली हालचाल त्यांनी बरोबर केली.