दुमडीतलं मीठ

हातखंब्याला हायवेच्या कडेला दादूचं पत्र्याचं दुकान आहे. पन्हळी आणि डबे करण्यात हयात गेली, पण या माणसाला हौस भारी ती आपल्या डोक्यातलं काही घडवायची. एकच काळा पत्रा घ्यायचा, लाकडी मोगरीने ठोकत दुमडायचा, कडा एकमेकींत अडकवायच्या. डाख नाही, रिबीट नाही. वर रंगसुद्धा नाही. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, ताजा रस चोळला की पत्रा सावळा होतो, मग निखाऱ्यावर शेकून उंडीचं तेल. असा एक कंदील त्याने मे महिन्यात केला आणि मुलगी ईशा हटूनच बसली, माझ्या लग्नात डोक्यावर असलाच मोठा कंदील हवा.

लग्न ठरलं माघात. माघात रातांबे कुठले? दादूने शहाणपणा केला आणि स्वयंपाकघरातली कोकमाची बाटली उचलून त्यातला रस मोठ्या कंदिलाला चोळला.

लग्नाच्या सकाळी बुद्धविहारात कंदील टांगून त्याने वर बघितलं. दुमडीदुमडीतून गंजाची तांबूस भुकटी डोकावत होती. कुठली बाटली वापरली ते ऐकून बायको मथुरेने कपाळाला हात लावला.

“आवो, तो आगळ व्हता. वर्षभर टिकाया मुठीनं मीठ घातलेला.”

पत्रा धुताना वरचं मीठ गेलं होतं, दुमडीत शिरलेलं मात्र लोखंड खात बसलं होतं. आणि खाली उभी राहणार ईशा, नवरीच्या पांढऱ्याशुभ्र साडीत. कंदील उतरवतो म्हटलं तर ती ऐकेना. मग दादू शिडीवर चढून तेलाचं फडकं दुमडींत फिरवत राहिला. पाहुणे येऊन बसले तेव्हा लोकांनी त्याला हाताला धरून खाली आणलं.

वंदना सुरू झाली. दादूची नजर साडीवर. पदरावर, खांद्यावर, निऱ्यांवर. एखादा कण पडला का? वाऱ्याने कंदील हलला की तो जागेवरून अर्धा उठायचा. अचानक फुलं उधळली, टाळ्या वाजल्या, आणि त्याला कळलं की लग्न लागलं. एकुलत्या एका लेकीचं लग्न, आणि बापाने ते पाहिलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

साडी मात्र कोरी होती. ईशा पाया पडली आणि उठून त्याच्या गळ्यात पडली. दादूने दोन्ही हात तिच्यापासून लांब, हवेतच धरले. ते तेलाने, गंजाने लाल झाले होते.

“धरा ना, बाबा.”

त्याने लेकीला घट्ट धरलं. पांढऱ्या पाठीवर दोन्ही पंजे उमटले. मथुरा ओला रुमाल घेऊन धावली, पण ईशाने तिला ते पुसू दिलं नाही.